थोरांची वचने आणि कोकणची साक्ष

रत्नागिरी-मिरजोळ्याच्या परिसरात स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच होय. १९२४ ते १९३७ या स्थानबद्धतेच्या काळात त्यांनी येथे अस्पृश्यतेशी झुंज दिली. १९३१ साली पतितपावन मंदिर उभे राहिले. परंतु याच सावरकरांनी ऑक्टोबर १९३८ मध्ये मालेगावी, राष्ट्र बहुसंख्याकांचे असते असे प्रतिपादन करताना, जर्मनीतून हुसकावल्या गेलेल्या ज्यूंचा दाखला दिला. पुढच्याच महिन्यात तेथे शेकडो सिनेगॉग जाळली गेली.

१९३३ च्या आरंभी जर्मनीत साठ लाख लोक बेकार होते. ज्यूंचे प्रमाण मात्र शेकडा एकाहूनही कमी. तरीही मंदीचे खापर त्यांच्याच माथी फुटले. १९४७ साली सावरकरांनी ज्यू राष्ट्राचे स्वागत केले, हे खरे. पण तेवढ्याने आधीचा दाखला पुसला जात नाही.

कोकणची साक्ष निराळी आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे, मराठी बोलणारे बेने इस्रायल, म्हणजे आपले ‘शनवार तेली’, अलिबागच्या परिसरात शतकानुशतके निर्धास्त नांदले. संख्येने मूठभर म्हणून त्यांचे राष्ट्र कोणी हिरावले नाही. थोरांचे कार्य वंदावे. वचन मात्र पारखूनच घ्यावे.