लोखंडी अवजारांस रंग देण्यापूर्वीं

शेतकऱ्याच्या घरीं लोखंड आतां पुष्कळ वाढलें आहे. १९०३ सालीं किर्लोस्करांचा लोखंडी नांगर बाजारांत आला, तेव्हां लाकडी नांगराची संवय असलेला कुणबी त्याकडे साशंक दृष्टीनें पाहत असे. आज नांगर, कुळव, पेरणीयंत्र, ट्रॉली, पाण्याची टाकी, गोठ्यावरील पत्रे व फाटक इतकें लोखंड मध्यम स्थितीच्या शेतकऱ्याच्याही पदरीं असतें. शेताची माती वाहूं लागली म्हणजे आपण बांध घालतों. परंतु दारांत उभ्या असलेल्या ट्रॉलीची धूप चालली असतां तिकडे लक्ष जात नाहीं. फार झालें तर खंडेनवमीच्या आधीं रंगाचा डबा आणून धुळीवर व गंजावर एक हात फिरविला जातो. वस्तु चार दिवस नवी दिसते आणि पुढच्या पावसाळ्यांत पोपडे सुटूं लागतात. मग दोष डब्यास व दुकानदारास. महसूल खात्याच्या नोकरींत गांवोगांव हिंडतांना आम्हीं जें पाहिलें, त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, बहुतेक वेळीं दोष डब्याचा नसून रंगाखालील पृष्ठभागाचा असतो. ब्रश हातीं घेण्यापूर्वींचें काम हेंच खरें काम होय.

गंज कसा पसरतो

लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं एकत्र आलीं म्हणजे गंज उत्पन्न होतो. त्यांत मीठ किंवा रासायनिक खत मिसळलें तर ही क्रिया अधिक त्वरेनें चालते. म्हणून कोंकणांतील खाऱ्या हवेंत, आणि देशावर खत पेरणाऱ्या यंत्राच्या पेटींत, लोखंड लवकर खलास होतें. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, ओल धरून ठेवतो आणि वरील रंगास खालून उचलतो. पिकावरील तांबेरा जसा एका पानावरून दुसऱ्यावर जातो, तसा गंज एका ओरखड्यापासून रंगाच्या आड पसरत जातो. गंज तसाच ठेवून दिलेला रंग म्हणजे वरून कीर्तन आणि आंतून तमाशा!

उघड्या लोखंडाची तयारी

प्रथम धुणें व मग घासणें, हा क्रम सोडूं नये. वंगण असतां तारेचा ब्रश चालविला तर तें वंगण सर्वत्र पसरतें. यासाठीं माती व शेण खरवडून, वंगणाच्या जागा रॉकेलाच्या चिंधीनें पुसून, सर्व वस्तु साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानें धुवावी, स्वच्छ पाणी ओतावें व पूर्ण वाळवावी. खताची पेटी तर दोन-तीन पाण्यांनीं धुवावी. कारण रंगाखालीं राहिलेला खताचा क्षार ओल ओढून घेतो व तेथें फोड येतात.

नंतर सुटा गंज छिन्नीनें व खरवडणीनें काढून, तारेच्या ब्रशानें व पॉलिश पेपरनें लोखंडाचा चकचकीत अंश दिसेपर्यंत घासावें. नवीन पोलादी पट्टीवर निळसर काळी साल असते. ती घट्ट दिसते म्हणून पुष्कळ जण तीवरच रंग देतात. पण ती पुढें तडकून सुटते व रंग बरोबर घेऊन जाते. तीही काढली पाहिजे.

घासलेलें लोखंड रात्रभर उघडें ठेवूं नये. धूळ झाडून, टर्पेंटाईनच्या फडक्यानें पुसून, त्याच दिवशीं रेड ऑक्साईडचा अस्तराचा हात द्यावा. कडा, जोड, बोल्टांचीं डोकीं व वेल्डिंगच्या रेघा यांवर रंग पातळ बसतो आणि गंज तेथूनच प्रवेश करतो; म्हणून त्या जागीं आधीं लहान ब्रशानें एक वेगळा हात द्यावा. अस्तर वाळल्यावर वरील एनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात हा दोन पातळ हातांची बरोबरी करीत नाहीं. तो वरून वाळतो, आंतून ओला राहतो व सुरकुततो.

वेळेचाही विचार पाहिजे. दंव असतांना, पावसाळी कुंद हवेंत किंवा हात भाजेल अशा तापलेल्या पत्र्यावर रंग देऊं नये. दंव उडाल्यानंतरची सकाळ सर्वांत बरी. पावसाळ्यापूर्वींचा कोरडा काळ या कामास योग्य.

जुना रंग असल्यास

जुना रंग सर्वच खरवडावा असें नाहीं. चाकूच्या टोंकानें लोखंडापर्यंत एक फुली मारावी, तीवर चिकटपट्टी घट्ट दाबावी व झटकन् ओढावी. रंग पट्टीबरोबर आला, तर तेथील रंग काढलाच पाहिजे. न आला, तर तो चांगल्या अस्तराचेंच काम करील. त्याची चकाकी जाईल इतकें पॉलिश पेपरनें घासलें म्हणजे पुरे. चकचकीत रंगावर नवा रंग पकड घेत नाहीं. हात फिरविल्यावर पांढरी भुकटी लागली तर आधीं धुवून टाकावी. जेथें रंग निघाला व जेथें राहिला, त्यांमधील पायरी घासून उतरती करावी. पूर्वीं कोणता रंग दिला होता हें ठाऊक नसल्यास नवा रंग हातभर जागेवर लावून दोन दिवस पाहावें. तीव्र थिनरचा रंग जुन्या एनॅमलास कधीं कधीं फुगवून सुरकुतवितो.

गुरांस व मुलांस धोका

येथें वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. जवसाच्या तेलांत खललेला शेंदूर हें लोखंडावरील पूर्वींचें प्रसिद्ध अस्तर होतें. शेंदूर हा शिशाचा प्रकार. रेड ऑक्साईड हा लोखंडाचा. दोन्हीं लाल, पण गुणांत अंतर फार. इतर जुन्या रंगांतही शिसें पडत असे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनीं घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दहा लक्ष भागांत ९० भाग ठरविली व ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वींच्या फाटकावर, खांबावर वा यंत्रावर शिसें असूं शकतें असें धरूनच चालावें.

गुरांस असे पोपडे चाटण्याची खोड असते. वासरें तर विशेष चाटतात. शिसें पोटांत गेलेलें जनावर आंधळ्यासारखें भिंतीवर जातें, दांत खातें, त्यास झटके येतात व पुष्कळदां तें दगावतें. अशीं लक्षणें दिसतांच पशुवैद्यास बोलवावें व रंगाची गोष्ट त्यास सांगावी. लहान मुलांच्या बुद्धीसही शिसें अपाय करतें. म्हणून जुना रंग कोरडा घासूं नये; पाणी शिंपडून घासावा. दिव्यानें वा ज्योतीनें जाळूं नये. नाकातोंडावर धूळ रोखणारा चांगला मुखपट्टा बांधावा. खालीं ताडपत्री अंथरून खरवड गोळा करावी. ती उकिरड्यावर, गव्हाणीजवळ किंवा शेतांत टाकूं नये. काम गोठ्यापासून दूर करावें व कपडे वेगळे धुवावेत.

जस्ती पत्रे

गोठ्याच्या जस्ती पत्र्यावर साधा ऑईल पेंट थेट दिल्यास तो थोड्याच काळांत सालपटासारखा सुटतो. जस्त व रंगांतील तेल यांच्या संयोगानें साबणासारखा थर बनतो आणि पकड जाते. अशा पत्र्यास जस्तासाठीं म्हणून मिळणारें अस्तरच आधीं द्यावें.

खर्चाचा अंदाज

दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दोन फूट उंच अशी ट्रॉलीची पेटी घेऊं. तळाच्या दोन बाजू मिळून १२० चौरस फूट. चार फळ्यांच्या आंतील व बाहेरील बाजू मिळून १२८. एकूण २४८ चौरस फूट, म्हणजे सुमारें २३ चौरस मीटर. एका लिटरांत साधारण १० चौरस मीटर रंगतात असें धरल्यास प्रत्येक हातास सव्वादोन लिटरांहून थोडा अधिक रंग लागेल. अडीच लिटर अस्तर व पांच लिटर रंग आणावा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर व टर्पेंटाईन यांचा खर्च त्यामानानें थोडा. पण तोच वांचविण्याची आपली प्रवृत्ति असते, आणि त्यापायीं साडेसात लिटरांची किंमत मातींत जाते.

नांगराच्या फाळास व मातींत चालणाऱ्या भागास रंग देऊं नये. हंगाम संपतांच धुवून तेल चोपडावें. वंगणाचीं तोंडें, आटे, साखळ्या व यंत्रावरील क्रमांकाची पट्टी झांकून घ्यावी. गव्हाणीच्या व पाण्याच्या हौदाच्या आंतील बाजूस कोणताही अवजारी रंग लावूं नये. रंग दिल्याची तारीख व डब्याचें नांव घरच्या वहींत टिपून ठेवावें, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर एकदां ओरखडे पाहून तेवढ्याच जागा दुरुस्त कराव्यात. दोन दिवस घासण्यास द्यावेत व एक दिवस रंगास, इतका नियम आमच्या शेतकरी बंधूंनीं पाळला, तर अवजारें टिकतील, आणि गोठ्यांतील वासरूंही सुरक्षित राहील.