चूल परीक्षेत पास, स्वयंपाकघरात नापास

भिलाईच्या सेक्टर 2 मधून बोलतोय. आमच्या वसाहतीशेजारी पोलादाचा प्लांट आहे. तिथली पहिली ब्लास्ट फर्नेस 1959 साली सुरू झाली. भट्टीत किती कोक गेला आणि किती लोखंड बाहेर आलं, याचा हिशेब तिथे चोख असतो. पण जवळच्या खेड्यातल्या चुलीत किती लाकूड आणि किती गोवऱ्या जळतात, ते कसं मोजायचं? आजचा विषय हाच.

प्रयोगशाळेची रीत सोपी आहे. लाकूड तोलायचं, मोजून घेतलेलं पाणी उकळायचं आणि किती उष्णता पाण्यात उतरली ते काढायचं. या परीक्षेत सुधारित चूल साध्या चुलीला सहज मागे टाकते. भौतिकशास्त्र म्हणतं, चूल चांगली.

मग अर्थशास्त्रज्ञ आले. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात सुमारे 2,600 घरांचा अभ्यास केला. सुधारित चूल आधी कोणाला द्यायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि चार वर्षं पाठपुरावा केला. सुरुवातीला छातीत जाणारा धूर कमी झाला. दुसऱ्या वर्षी तो फरक उरला नाही. आरोग्यातही सुधारणा दिसली नाही.

मग खोटं काय ठरलं? कार्ल पॉपर म्हणत, खोटी ठरवता येईल अशी मांडणी तीच वैज्ञानिक. पण त्याआधीच, 1906 साली, पिएर द्यूएम यांनी अडचण दाखवली होती: एकटी कल्पना कधीच तपासली जात नाही, तिच्यासोबत गृहीतकांचा गठ्ठा असतो. इथेही तसंच. चूल रोज वापरली जाईल, धुराडं साफ होईल, जुनी चूल बंद होईल, ही सगळी गृहीतकंच होती. ओडिशात वापर अनियमित होता, देखभाल होत नव्हती. आता एवढ्यावरून ‘लोक अडाणी’ म्हणणं सोपं. पण आंघोळीचं पाणी, थंडीतली ऊब, मोठ्या हंड्यातला भात ही कामं नव्या चुलीवर होतात का, हे त्या घरातल्या बाईशेजारी बसल्याशिवाय कळत नाही. ती समाजशास्त्राची रीत.

प्रश्नातही गृहीतक लपलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण विचारतं, ‘मुख्यतः’ कोणतं इंधन वापरता? 2019-21 च्या फेरीत देशात 58.6 टक्के घरांचं उत्तर स्वच्छ इंधन असं आलं, छत्तीसगडमध्ये जेमतेम एक तृतीयांश घरांचं. पण सकाळचा चहा गॅसवर आणि रात्रीचा भात चुलीवर करणारं घर या आकड्यात कुठे बसवायचं?

फौजेत नकाशावर एखादी जागा पक्की करायला तीन ठिकाणांहून दिशा घेतात. तीन रेषा एका बिंदूत मिळाल्या नाहीत, तर मध्ये छोटा त्रिकोण उरतो. तो मोठा असेल, तर मधोमध ठिपका देऊन मोकळं होत नाहीत. कोणतं निरीक्षण चुकलं, ते शोधतात.

ऊर्जेच्या संशोधनातही तेच करावं. तोलून पाहा, बसून पाहा, विचारून पाहा. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत तर त्यांची सरासरी काढू नका. ती जिथे जुळत नाहीत, तिथेच कुणीतरी अजून धुरात बसलेली असते. पुढचा प्रश्न तिला विचारा.