विश्लेषण : नाक मोकळे करणारा स्प्रे रोजचाच झाला तर?

मेडिकलच्या काउंटरवर नाकात मारायचे दोन प्रकारचे स्प्रे असतात. एक पाच मिनिटांत नाक मोकळे करतो, दुसऱ्याचा गुण यायला काही दिवस लागतात. ॲलर्जीच्या सर्दीसाठी उपयोगाचा असतो तो दुसरा. चिठ्ठीशिवाय हातात पडतो तो बहुतेक वेळा पहिला. हा फरक लक्षात न आल्यामुळे साधी सर्दी महिनोन्‌महिने रेंगाळते.

पाऊस ओसरू लागला की भिवंडीच्या कामतघर परिसरात, वऱ्हाळादेवी तलावाच्या काठापासून गल्लीबोळांतल्या यंत्रमाग कारखान्यांपर्यंत, शिंकांचा हंगाम सुरू होतो. सकाळी उठल्याबरोबर एकामागून एक शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, खाजणारे डोळे आणि टाळू, रात्री चोंदलेले नाक. बारा तासांची पाळी करणारा कामगार त्यासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाईल, अशी अपेक्षा करणे अवघडच. तो मेडिकलवर जातो आणि ‘नाक मोकळे होईल असे काहीतरी द्या’ म्हणतो. दुकानदारही मागितले तेच देतो.

हे ‘हे फीव्हर’ म्हणजे नेमके काय?

इंग्रजीतले हे नाव दोन्ही बाजूंनी फसवे आहे. यात ताप येत नाही, आणि दोष वाळलेल्या गवताचा नसून फुलोऱ्यावर आलेल्या गवताच्या परागकणांचा असतो. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःचाच दर उन्हाळ्यात उलटणारा आजार वैद्यकीय सभेपुढे मांडला. परागकणांचा पुरावा दिला चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये, आणि तोही मँचेस्टर या कापडगिरण्यांच्या शहरात बसून. हवेत उंचावर परागकण असतात का, हे पाहण्यासाठी त्यांनी चिकट काचा बांधून पतंग उडवले होते.

डॉक्टर या आजाराला ‘ॲलर्जिक ऱ्हायनायटिस’ म्हणतात. आपल्याकडे भाद्रपद-आश्विनात गवत फुलोऱ्यावर येते, तेव्हा तो बळावतो. ठाणे जिल्ह्याला गवत नवे नाही. मुंबईच्या तबेल्यांना लागणारे वाळले गवत एकेकाळी याच पट्ट्यातून जात असे. त्यात भर पडली गाजरगवताची. ते १९५५-५६च्या सुमारास पुण्यात नजरेस आले आणि मग देशभरच्या मोकळ्या जागांवर पसरले.

मात्र किनारपट्टीच्या दमट हवेत बारमाही त्रास देणारा घटक निराळाच आहे. गाद्या, उशा, गोधड्यांमध्ये राहणारे धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे ‘डस्ट माइट’, ओलसर हवेत झपाट्याने वाढतात. दोन पाळ्यांचे कामगार जिथे आळीपाळीने एकाच अंथरुणावर झोपतात, तिथे गादीला ऊन दाखवायला सवड कधी मिळणार? सुती धागा कोरडा पडला की तुटतो, म्हणून मागाच्या खोलीतही हवा दमटच ठेवली जाते. या आजाराला ऋतूपेक्षा राहण्याच्या जागेचा आधार जास्त आहे, तो असा.

पहिला स्प्रे इतका झटपट कसा चालतो?

झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन ही यातली दोन मुख्य औषधे. ‘ओट्रिव्हिन’ आणि ‘नॅझिव्हिऑन’ ही त्यांची घरोघरी माहीत असलेली नावे. नाक चोंदते ते शेंबडामुळे, असा समज आहे. प्रत्यक्षात नाकाच्या आतल्या बाजूला उशीसारखे मऊ उंचवटे असतात, त्यांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि वाट अरुंद होते. हे औषध त्या रक्तवाहिन्या आकसून टाकते. उशी बसते, वाट उघडते, माणूस सुटकेचा श्वास घेतो. झायलोमेटाझोलिनचा असर साधारण आठ-दहा तास, ऑक्सिमेटाझोलिनचा बारा तासांपर्यंत.

यात ॲलर्जीवर मात्र काहीच उपाय झालेला नसतो. शिंका, खाज, पाणी वाहणे हे सगळे जिथल्या तिथे राहते, कारण ते घडवून आणणारी सूज तशीच असते.

मग नाक पुन्हा का चोंदते?

औषधाचा असर उतरला की आकसलेल्या रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. काही दिवसांच्या सततच्या वापराने नाकाला औषधाची सवय होते, एक फवारा पुरेनासा होतो आणि दोन फवाऱ्यांमधले अंतर कमी होत जाते. रुग्णाला वाटते, आपली सर्दी हटत नाही. खरे तर आता सर्दी हटली तरी नाक बंदच राहणार असते, कारण ते बंद करणारे औषधच आहे. वैद्यकशास्त्रात याला ‘ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोसा’ असे भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत, औषधानेच चोंदलेले नाक. उशाशी बाटली ठेवल्याशिवाय झोप न येणारी माणसे ओळखीत सगळ्यांच्याच असतात. ते व्यसनी नसतात, पण त्यांच्या नाकाला बाटलीची सवय लागलेली असते.

म्हणून हे स्प्रे तीन ते पाच दिवसच वापरावेत, असा वैद्यकीय सल्ला असतो. काही बाटल्यांवर सात दिवसांची कमाल मर्यादा छापलेली असते. अक्षरे बारीक असतात आणि पुष्कळदा इंग्रजीत, हा भाग निराळा. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइडचा विकार किंवा वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय हे घेऊच नये.

सवय लागलीच असेल तर सुटका होते. डॉक्टर बहुधा स्टिरॉइड स्प्रे सुरू करून जुना स्प्रे बंद करायला सांगतात. एकदम जमत नसेल तर आधी एका नाकपुडीत बंद करायचा, ती मोकळी राहू लागली की दुसऱ्या. पहिले काही दिवस रात्री वाईट जातात. बहुतेकांचे नाक एक-दोन आठवड्यांत ताळ्यावर येते, जुनी सवय असेल तर आणखी वेळ लागतो.

ॲलर्जीसाठी मग कोणता स्प्रे?

फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड या नावांचे स्टिरॉइड स्प्रे. नाकाच्या ॲलर्जीवरचे सर्वांत परिणामकारक औषध म्हणून जगभरच्या मार्गदर्शक सूचना त्यांनाच पहिला मान देतात. हे औषध सूजच कमी करते, त्यामुळे चोंदणे, शिंका, खाज आणि वाहणे या चारही तक्रारींवर ते चालते; अनेकांच्या डोळ्यांची खाजही कमी होते. १९७३ मध्ये डेन्मार्कचे नील्स मिगिंड यांनी बेक्लोमेथासोन या औषधाचा असा फवारा गवताच्या ॲलर्जीवर चालतो, हे दाखवून दिले. म्हणजे हे पन्नास वर्षांहून जुने तंत्र आहे.

अडचण एकच. पहिल्या फवाऱ्याने काहीच वाटत नाही. थोडा फरक बारा तासांनंतर जाणवू लागतो, पूर्ण गुण यायला एक ते दोन आठवडे जातात, आणि तेही रोज न चुकता वापरले तर. पाच मिनिटांत नाक उघडण्याची सवय झालेला माणूस तिसऱ्या दिवशी ‘हे औषध लागू पडत नाही’ म्हणून बाटली बाजूला ठेवतो. दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत त्रास होणाऱ्यांनी हंगामाच्या एक-दोन आठवडे आधी सुरुवात करावी, असे डॉक्टर सांगतात ते याचसाठी.

‘स्टिरॉइड’ म्हटले की भीती वाटते, ती बरोबर आहे का?

ही भीती गोळ्या आणि इंजेक्शनांच्या बाबतीत रास्त आहे, स्प्रेच्या बाबतीत बरीचशी गैरलागू. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असते. मोठ्या माणसाला रोज प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. प्रेडनिसोलोनच्या एका लहानशा ५ मिलिग्रॅमच्या गोळीत ५,००० मायक्रोग्रॅम असतात. शिवाय गिळल्या गेलेल्या भागातले बहुतेक औषध यकृत निष्प्रभ करते, रक्तात पोहोचतो तो दोन टक्क्यांहूनही कमी अंश.

उलट ज्याची भीती वाटायला हवी ते बिनदिक्कत घेतले जाते. हंगामाच्या सुरुवातीला कमरेत ‘ॲलर्जीची सुई’ टोचून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ती बहुधा दीर्घकाळ शरीरात राहणाऱ्या स्टिरॉइडची असते. साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे असे तिचे धोके पाहता नाकाच्या ॲलर्जीसाठी ती देऊ नये, असे तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

स्प्रे अगदी निर्धोक आहे असेही नाही. नाक कोरडे पडणे, घसा खवखवणे, नाकातून थोडे रक्त येणे हे त्रास होतात. काचबिंदू, मोतीबिंदू असलेल्यांनी डोळे तपासत राहावे. मुलांना महिनोन्‌महिने द्यावा लागला तर उंची मोजत राहावी लागते. एचआयव्हीच्या उपचारात रिटोनाव्हिर घेणाऱ्यांना फ्लुटिकासोन चालत नाही. दोन्ही एकत्र आली तर स्टिरॉइड शरीरात साचते. डॉक्टरांना सगळी औषधे सांगायला हवीत ती अशा कारणांसाठी.

मारण्याची पद्धत महत्त्वाची का?

नाकातून रक्त येण्याचे एक मोठे कारण चुकीचा नेम हेच असते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर फवारा रोज बसला की तो भाग सोलवटतो. म्हणून उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने मारावे. हात आपोआप बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे नेम धरतो. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. आधी नाक शिंकरून साफ करावे, बाटली हलवावी, नवी असेल तर हवेत काही फवारे सोडावेत. फवारा मारताना श्वास हळू ओढावा. जोरात ओढला तर औषध थेट घशात जाते, आणि जिभेवर कडू चव आली म्हणजे औषध वाया गेले असे समजावे.

त्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुतले तर औषध नीट बसते. जलनेती करणाऱ्यांना हे नवीन नाही. पाणी मात्र उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे, टँकरचे किंवा बोअरचे पाणी तसेच नाकात घालू नये. मेंदूचा जीवघेणा संसर्ग करणारा नेग्लेरिया नावाचा अमिबा नाकातूनच आत शिरतो.

चिठ्ठी लागते की नाही?

अमेरिकेत ट्रायमसिनोलोनच्या स्प्रेला २०१३ मध्ये आणि फ्लुटिकासोनच्या स्प्रेला २०१४ मध्ये चिठ्ठीशिवाय विक्रीची मंजुरी मिळाली. भारतात स्टिरॉइड स्प्रेच्या पाकिटावर ‘आरएक्स’ची खूण असते, ते चिठ्ठीवर विकायचे औषध आहे. ‘ओव्हर द काउंटर’ अशी वेगळी वर्गवारी आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मे २०२२ मध्ये १६ औषधे चिठ्ठीविना विकू देण्याचा मसुदा काढला. त्या यादीत झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिन होती, स्टिरॉइड स्प्रे नव्हते. उपचार पाच दिवसांपेक्षा जास्त नको आणि तेवढ्यात बरे न वाटल्यास डॉक्टरांकडे जावे, ही अट मसुद्यातच होती. एका बाटलीत पाच दिवसांहून कितीतरी जास्त औषध असते, तेव्हा अट पाळायची ती घेणाऱ्यानेच.

मागावर काम करणाऱ्यांनी आणखी काय पाहावे?

पहिली गोष्ट गोळ्यांची. सर्दीच्या स्वस्त गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिन असते, त्याने हमखास झोप येते. सेटिरिझिननेही अनेकांना गुंगी येते. धावता धोटा आणि उघडे पट्टे यांच्यामध्ये उभे राहणाऱ्याला ती परवडणारी नाही. गुंगी कमी आणणाऱ्या फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिनसारख्या गोळ्या आहेत, त्यांच्याबद्दल विचारावे.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सुताची धूळ नाकाला चुरचुरते, पण दरवेळी ती ॲलर्जी नसते, आणि तिचा त्रास नाकाशी थांबेलच असेही नाही. नाकाची ॲलर्जी असलेल्या अनेकांना दमाही असतो. रात्री खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, जिना चढताना धाप लागणे ही त्याची लक्षणे. कापसाच्या धुळीमुळे होणारा ‘बिसिनोसिस’ हा तर वेगळाच आजार. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची सुरुवातीची खूण. सूतगिरण्यांत त्याला ‘मंडे फीव्हर’ म्हणत. विणकामापेक्षा कापूस पिंजण्याच्या आणि सूत काढण्याच्या खात्यांत तो जास्त आढळतो. कायद्याने ठरवलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत त्याचे नाव आहे. यातल्या कशावरही नाकातला स्प्रे चालत नाही. तोंडाला बांधलेला रुमालही बारीक धूळ अडवत नाही, फक्त मोठी लव अडवतो. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येणे, चेहरा दुखणे, ताप येणे, वास कायमचा जाणे, यांपैकी काही असेल तर दुकानातून औषध न घेता कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा.

घरात लहान मूल असेल तर बाटली कुठे ठेवली आहे तेही पाहावे लागते. झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिनचे एक-दोन मिलिलिटर औषध पोटात गेले तरी लहान मुलाला गुंगी येऊ शकते, श्वास आणि हृदयाचे ठोके मंदावू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांबाबत तसा इशारा दिला होता. झायलोमेटाझोलिनचे मोठ्यांसाठीचे ०.१ टक्क्याचे थेंब मुलांना देऊ नयेत. मुलांसाठीचे ०.०५ टक्क्याचे वेगळे येतात, आणि तान्ह्या बाळाचे नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात.