पैसे स्पोर्टचे, वसुली टूरिंगमध्ये

१९८४ साली शेवरोलेची चौथ्या पिढीतली कॉर्व्हेट आली, तेव्हा वळणावरच्या तिच्या पकडीचं कौतुक झालं आणि आत बसणाऱ्यांच्या पाठीची कीव केली गेली. ‘झेड ५१’ या कडक सस्पेन्शनच्या पॅकेजची गाडी तर डांबराच्या प्रत्येक सांध्याची खबर मणक्याला द्यायची. पुढच्याच वर्षी कंपनीने स्प्रिंगा मऊ केल्या. रोज चालवायच्या स्पोर्ट्स कारमध्ये पकड सोडायची की आराम, हा पेच त्या माघारीने उघड झाला. अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शनने, म्हणजे चालत्या गाडीत शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा घट्टपणा बदलणाऱ्या यंत्रणेने, तो किती सोडवला हे बघायला कॉर्व्हेट सोयीची, कारण या तंत्राचे सगळे टप्पे तिने अंगावर घेतले.

पहिला टप्पा १९८९चा. बिल्स्टाइनच्या शॉकवर उभी असलेली ‘एफएक्स३’ यंत्रणा. दोन सीटांमधल्या खटक्यावर टूरिंग, स्पोर्ट आणि परफॉर्मन्स अशा तीन जागा, आणि प्रत्येकीत वेगानुसार घट्ट होत जाणाऱ्या सहा पायऱ्या. गाडी साडेएकतीस हजार डॉलरची, हा पर्याय १,६९५ डॉलरचा. मात्र यंत्रणेचं लक्ष वेगाकडे होतं, रस्त्याकडे नव्हतं. वेग वाढला की शॉक आवळले जायचे, मग खालचा रस्ता गुळगुळीत असो वा उखडलेला. रस्ता बघून खटका फिरवण्याचं काम चालवणाऱ्याकडेच राहिलं.

१९९६मध्ये चाकांच्या हालचालीवर नजर ठेवणारे सेन्सर आले आणि प्रत्येक शॉक स्वतंत्रपणे, काही मिलिसेकंदांत बदलू लागला. खरी उडी त्यानंतरची. तिचं मूळ चाळीसच्या दशकाअखेरीस वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये जेकब रॅबिनोव यांनी केलेल्या कामात आहे. तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळायचे. चुंबकीय क्षेत्र लागलं की कणांच्या साखळ्या होतात आणि तेल पिठल्यासारखं आळतं. सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय कंपनीने हे तेल शॉकमध्ये भरलं आणि पिस्टनमध्ये विजेची कॉइल बसवली. २००२च्या कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसनंतर २००३च्या कॉर्व्हेटला ते मिळालं. गाडी आता चव्वेचाळीस हजारांच्या घरात गेली होती, पर्यायाची किंमत मात्र तीच, १,६९५ डॉलर.

या टप्प्यावर जमाखर्च बदलला. साध्या शॉकच्या गाडीत झुकणं आणि ब्रेक मारताना नाक खाली जाणं आवरायला इंजिनिअरला सगळंच कायमचं कडक ठेवावं लागतं. शॉक डोळ्याचं पातं लवायच्या आत घट्ट होणार असेल, तर एरवी तो सैल सोडता येतो. २००९ची कॉर्व्हेट ‘झेडआर१’ ६३८ अश्वशक्तीची होती, तरी साध्या शॉकच्या कॉर्व्हेट ‘झेड०६’पेक्षा ती रोजच्या रस्त्यावर सुसह्य वाटते, असं परीक्षकांनी लिहिलं. गिऱ्हाइकाने पैसे स्पोर्टच्या खटक्यासाठी मोजले होते, वसूल झाले ते टूरिंगमध्ये.

मर्यादाही याच काळात कळल्या. हे शॉक फक्त दमन, म्हणजे स्प्रिंगची उसळी थोपवण्याचा जोर, बदलतात; स्प्रिंगा, अँटी-रोल बार आणि टायर जसेच्या तसे राहतात. १९९७पासून कॉर्व्हेटवर बराच काळ असलेल्या, पंक्चर झाल्यावरही चालणाऱ्या रन-फ्लॅट टायरच्या ताठ भिंतींतून येणारा बारीक खडखडाट त्यांना पुसता येत नाही. गाडी उचलणंही त्यांचं काम नाही. आपल्याकडचा नियमातला गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच असतो. तिथे उपयोग होतो पुढची बाजू ४० मिलिमीटर वर घेणाऱ्या वेगळ्या यंत्रणेचा, तीही २०२०च्या कॉर्व्हेटमध्ये निराळे पैसे देऊन. शिवाय वॉरंटी संपल्यावर असा शॉक गळू लागला, तर साध्या शॉकच्या कित्येक पट खर्च येतो.

दुसऱ्या बाजूला, वजनच कमी असलं तर या सगळ्याची गरज घटते. २०१७ची अल्पीन ए११० जेमतेम अकराशे किलोची. मऊ स्प्रिंगा, साधे शॉक आणि शेवटचा धक्का गिळणारे हायड्रॉलिक स्टॉप एवढ्यावर तिने आराम आणि चपळाई दोन्ही साधलं. खुद्द कॉर्व्हेटनेही २०२०मध्ये साध्या शॉकची मूळ आवृत्ती ठेवली, आणि तिच्या आरामाबद्दल फारशी तक्रार झाली नाही. त्या वर्षी चुंबकीय शॉक हवे तर आधी ट्रॅकसाठीचं ‘झेड ५१’ पॅकेज घ्यावं लागे. पुढच्या वर्षी ती अट गेली. ट्रॅकवर न जाणाऱ्यालाही हे शॉक हवे असतात, हे त्यातून दिसलं.

तेव्हा गाडी जड, ताकदवान आणि मुळात कडक असेल, तर हा खर्च रोजच्या वापरात सार्थ ठरतो. हलकी आणि नीट जुळवलेली असेल, तर ते पैसे चांगल्या टायरांवर घालावेत. आणि चाचणी घेताना स्पोर्टचं बटण विसरावं. आपल्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट किलोमीटर निवडून तिथे गाडी सर्वांत मऊ मोडमध्ये चालवावी. तिथे फरक कळला नाही, तर पर्याय घेऊ नये.