गिटारवरील ओरखडा : दुरुस्ती किती, संयम किती?

नव्या गिटारवर पहिला ओरखडा उमटला की घरातील कोणीतरी तत्परतेने फर्निचरच्या पॉलिशची बाटली पुढे करतो. वास्तविक वाद्याची हानी ओरखड्यापेक्षा अशा घाईनेच अधिक होते. त्या पॉलिशमधील सिलिकॉन भेगेत मुरले, तर पुढे तेथे नवा लेप धरत नाही.

गिटारची दर्शनी फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाडीची असते. तारांचा कंप हीच फळी हवेत पोहोचविते. म्हणून तिच्यावरील लेप पातळ ठेवलेला असतो. दुरुस्तीही तितकीच हलकी हवी.

प्रथम जखम तपासावी. छोटा आरसा व दिवा घेऊन आतून पाहावे. भेग लाकडात उतरली असेल, तर वाद्य कारागिराकडेच न्यावे. केवळ खोचा पडला असून लेप अखंड असेल, तर काहीही न करणे हेच श्रेयस्कर.

लेपाचा टवका उडाला असल्यास लेपाची जात ओळखावी. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचा एक थेंब घेऊन आडोशाच्या जागी टेकवावा. लेप लगेच चिकट झाला, तर तो लाखेचा. स्पिरिटने न विरघळता लॅकर थिनरने मऊ पडला, तर बहुधा नायट्रोसेल्युलोज. दोहोंना दाद दिली नाही, तर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. आजच्या बहुतेक स्वस्त गिटारांवर हाच लेप आढळतो. पहिल्या दोन प्रकारांत त्याच जातीचा लेप भरावा लागतो. ते काम जाणकाराचे. लाख कीटकांच्या स्रावापासून मिळते व ती काढताना जीवहानी होते, हेही आपल्या वाचकांनी ध्यानी घ्यावे.

तिसऱ्या प्रकारातील लहान टवका मात्र घरी भरता येतो. खिडक्या उघड्या ठेवून, डोळ्यांवर चष्मा लावून, पातळ सुपर ग्लूचा थेंब काडीच्या टोकाने खळग्यात सोडावा. थर वाळल्यावर दुसरा द्यावा. भराव किंचित उंच झाला की दिवसभर वाळू द्यावा. मग ब्लेडच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मधल्या उघड्या धारेने उंचवटा हळूच खरवडावा. शेवटी १०००, १५०० व २००० क्रमांकांचा पॉलिश पेपर क्रमाने किंचित ओला करून फिरवावा आणि पॉलिशिंग कंपाउंडने चमक आणावी. लाकूड उघडे असेल तेथे पाणी लावू नये.

जुन्या, मूल्यवान वाद्याला मात्र संपूर्ण नवा लेप देण्याचा मोह टाळावा. त्याने त्याचे बाजारमूल्य बहुधा घटते. अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या ‘ट्रिगर’ नावाच्या मार्टिन गिटारला तर वाजवून वाजवून भोकच पडले आहे. तरीही त्यांनी ती दशकानुदशके वाजविली. वाद्याचे मोल त्याच्या चकाकीत नव्हे, स्वरात असते. स्वर सांभाळून जेवढी दुरुस्ती होईल, तेवढीच करावी.