किनाऱ्यावरचा झाडू कुठवर पुरतो?

मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शहा यांनी कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे माणसे जोडली गेली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे धावताना दिसली. ही कथा सांगताना मधले एक पान मात्र गाळले जाते. नोव्हेंबर २०१७ मध्ये शहा यांनी मोहीम काही काळ थांबवली होती. गोळा केलेला कचरा किनाऱ्यावरच पडून राहतो, ही त्यांची एक तक्रार होती. राबणारे हात होते, पण गाडे अडले ते पुढच्या टप्प्यावर. किनारा स्वच्छ करणे म्हणजे नेमके काय, हे याच पानावरून समजून घ्यायला हवे.

पुळणीवरची घाण फिरायला येणाऱ्यांनीच केलेली असते, असे आपण धरून चालतो. ते काही अंशी खरे आहे. पण पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला समुद्र मरीन ड्राइव्हवर जे परत फेकतो, त्यातले पुष्कळसे नाल्यांतून आणि मिठीसारख्या नद्यांतून वाहत आलेले असते. दुसरा वाटा जाळ्यांचा. जुनी सुती जाळी कुजून जात. नायलॉनचे तुटलेले जाळे ओढायला कोणी नसले तरी वर्षानुवर्षे पाण्यात जीव अडकवत राहते. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात गुरफटून वर येता आले नाही, तर ते पाण्यातच गुदमरते. वाळू झाडल्याने अंडी घालायला आलेल्या मादीची वाट मोकळी होते, पण ती किनाऱ्यापर्यंत जिवंत पोहोचायला हवी असेल तर नाल्याच्या मुखाशी आणि होडीवर काम करावे लागेल.

याचा अर्थ कोळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असा नाही. जाळे कापून कासव सोडले की नुकसान त्यांचेच होते. हे ओळखून राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये अशा जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. मंडणगड तालुक्यातल्या वेळासचा अनुभवही हेच सांगतो. पूर्वी तिथे कासवाची अंडी खाण्या-विकण्यासाठी उकरली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केले आणि गावकरीच घरट्यांचे राखणदार झाले. कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांच्या राहण्याजेवणातून घरांना मिळकतही होऊ लागली. पोटाशी जोडलेले संवर्धन टिकते.

‘यंत्रे आणा, काम झटपट होईल,’ असे कोणी म्हणेल. जिथे घरटी नाहीत तिथे जरूर आणावीत. पण रिडलेची अंडी जेमतेम दीड फूट खोल वाळूत साधारण दीड-दोन महिने असतात. जड चाकांखाली ती वाळू दबते. ‘कर भरतो, मग हे आमचे काम का?’ हा आक्षेप अधिक वजनदार आहे. रोजचा कचरा उचलणे आणि नाल्यांवर जाळ्या बसवणे ही स्थानिक स्वराज्य संस्थांचीच जबाबदारी आहे. स्वयंसेवकांनी ती अंगावर घेऊ नये, तिचा हिशेब मागावा. त्यासाठी किती पोती भरली यापेक्षा पोत्यांतून काय निघाले, याची नोंद महत्त्वाची. गुटख्याच्या पुड्या जास्त निघाल्या तर नाल्याकडे बोट दाखवता येते. जाळ्यांचे तुकडे जास्त निघाले तर फाटकी जाळी बंदरावरच जमा करून घेण्याची मागणी करता येते. अशी वही ठेवली नाही, तर पुढच्या भरतीनंतर तीच पोती पुन्हा भरावी लागतील.