रसातली साखर आणि लॉगरिदम (लेखांक 5)

गेल्या आठवड्यात चक्रवाढीने रक्कम कशी फुगते ते पाहिलं. आज उलटी बाजू बघू, तीही बँकेऐवजी साखर कारखान्यात. सणसर गावाला लागूनच भवानीनगर आहे, तिथे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. हंगामात उसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत शाळेत पोचणारी मुलं विचारतात, ‘लॉगरिदम शिकून करायचं काय?’ उत्तर त्याच गाड्यांमध्ये आहे.

उसाचा रस मुळात आम्लधर्मी. अशा रसात साखर फुटते, तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जातं. 1850 साली लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेच्या द्रावणात आम्ल घालून हे फुटणं पोलॅरिमीटरने मोजलं. साखर ध्रुवीकृत प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवते, फुटलेलं मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हात न लावता हिशेब लागतो. कारखान्यात रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातलं साखरेचं प्रमाण, काढतात ते याच गुणावर. विल्हेल्मीला दिसलं की ठरावीक वेळात ठरावीक साखर फुटत नाही, उरलेल्या साखरेचा ठरावीक हिस्सा फुटतो.

समजा, तासाला दहा टक्के फुटते. 100 ची 90, मग 81, मग 72.9. घट दर तासाला लहान होते, म्हणून आलेख वाकतो. आता याच आकड्यांचे लॉग घ्या: 2, 1.954, 1.908, 1.863. दर तासाला तेवढीच 0.046 ची उतरण. वाकडी रेघ सरळ झाली. निम्मी साखर कधी उरेल? 0.3010 ला 0.0458 ने भागा, सुमारे 6.6 तास.

दुसरा लॉगरिदम माती परीक्षणाच्या अहवालात असतो: सामू, म्हणजे पीएच. 1909 मध्ये शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी बसवली. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट होते. रसाचा सामू साधारण 5 ते 5.5, म्हणून चुना घालून तो 7 च्या आसपास आणतात. 5 आणि 7 मध्ये फरक दोनाचा दिसतो, पण आम्लता शंभरपट बदलते, आणि आम्लामुळे साखर फुटण्याचा वेगही जवळपास तितकाच. तापमान तेच ठेवलं तर 5 सामूला एका तासात होणाऱ्या नासाडीला 7 ला शंभर तास लागतील. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीत चुना टाकतो, त्याचंही गणित हेच. चुना जास्त पडला तर गूळ काळा पडतो, ते वेगळं.

तोडून उन्हात पडलेल्या उसाला मात्र हे सूत्र जसंच्या तसं लावू नका. तिथे उसातली विकरं आणि जिवाणूही काम करतात, आलेख इतका शहाण्यासारखा वागत नाही.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक गणित: तासाला पाचच टक्के साखर फुटली, तर निम्मी व्हायला किती तास? लॉग 0.95 म्हणजे उणे 0.0223. उत्तर 6.6 च्या बरोबर दुप्पट येत नाही, थोडं जास्त येतं. का, ते लिहून काढा.